नव्या कोऱ्या कपड्यांतली लारा

भाचीने लारा क्रॉफ्ट व्हायचं ठरवलं तेव्हा मी सहज म्हटलं, "सोपं आहे की! एक टॉप, एक पँट, संपलं." तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मावशी, कुठली लारा? आणि कितव्या तासाची?"

भाचीला करायचा होता 'कॉस्प्ले'. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' हे दोन शब्द छाटून १९८० च्या दशकात जपानमध्ये हा शब्द जोडला गेला. पोशाख चढवून फोटो काढणं एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता. 'कितव्या तासाची' हा प्रश्न कळायला मात्र महिना गेला.

आधी 'कुठली' ते पाहू. 'टूम्ब रेडर' हा व्हिडिओ गेम इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन कंपनीने १९९६ मध्ये आणला. त्यातली लारा म्हणजे मोरपिशी टॉप, तपकिरी हाफ पँट, पाठीला छोटी सॅक आणि दोन मांड्यांवर दोन पिस्तुलं. लांब वेणी ही तिची खूण. पण पहिल्या खेळात वेणी दिसते ती फक्त मधल्या चित्रफितींत. प्रत्यक्ष खेळताना तिचे केस वर बांधलेले असतात. खेळात झुलती वेणी आली १९९७ च्या दुसऱ्या भागात. मुरलेला खेळाडू फोटोत पहिल्यांदा असलंच काहीतरी शोधतो.

भाचीला हवी होती २०१३ ची लारा. क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीने नव्याने घडवलेली, एकवीस वर्षांची, हातात धनुष्य असलेली. यामाताई बेटाजवळ जहाज फुटतं, आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच गुहेत पडून तिच्या कुशीत टोकदार सळई घुसते. तिथून पुढे खेळभर तिचे कपडे फाटत, मळत जातात. पोशाख एकच, पण पहिल्या तासाला वेगळा आणि शेवटी वेगळा. म्हणून तास आधी ठरवायचा, खरेदी नंतर. आम्ही नेमकं उलट केलं.

उत्साहाच्या भरात पहिल्यांदा बनवली ती गिर्यारोहकाची कुऱ्हाड. थर्मोकोल कोरलं, वर स्प्रे पेंट मारला आणि पातं डोळ्यांदेखत खड्डे पडून विरघळलं. त्या रंगातलं द्रावक थर्मोकोल खातं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरी कुऱ्हाड जाड फोम शीटची. हीट गनने त्याची छिद्रं बुजवायची, वर पातळ फेविकॉलचे दोन-तीन हात द्यायचे, मग काळा अॅक्रिलिक रंग आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी. दोन रविवार गेले. कुऱ्हाड झकास झाली.

मग क्षण ठरला: धनुष्य नुकतंच हाती आलंय, पाऊस पडतोय, पहिलं हरीण अजून मारायचंय. भाचीने खेळ तिथे थांबवून पाहिला. त्या वेळी लाराकडे कुऱ्हाड नसतेच! ती तिला पुढे मिळते.

बाकीचे निर्णय त्या थांबवलेल्या चित्राने घेतले. जखम कुठल्या बाजूला, दंडावर पट्टी आहे की नाही, चिखल कुठवर, सगळं त्यातून मोजून घेतलं. खरी मेहनत कपडे जुने करण्यात गेली. करडा टॉप चहाच्या पाण्यात उकळला, पँटचे गुडघे सँडपेपरने घासले. माती सगळीकडे सारखी फासली तर धुळवडीहून आल्यासारखं दिसतं. ती गुडघे, कोपरं, नखं अशी जिथे शरीर जमिनीला टेकतं तिथेच बसते. रक्तासाठी कॉर्न सिरप आणि खाण्याचा लाल रंग, त्यात चिमूटभर कोको. कोको नसेल तर सरबत सांडल्यासारखं वाटतं. विगची प्लास्टिकची चकाकी टाल्कम पावडरने मारली. दुकानातल्या महागड्या तयार पोशाखांत मला हेच खटकतं. त्यांना इस्त्री असते.

जागेसाठी सगळ्यांनी गड सुचवला. मी नको म्हटलं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायलाही आधी परवानगी लागते, आणि गडावर रक्ताने माखलेली, धनुष्य ताणलेली मुलगी पाहून पर्यटकांनी काय समजावं? ओळखीच्या शेताकडेचा ओढा बरा. तरीही गावच्या पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं. बाणाची टोकं फोमची होती, आणि बाण न लावता ताणलेली दोरी सोडायची नाही हा कडक नियम. तशी सोडली तर धनुष्य तडकू शकतं.

पाऊस अर्थातच आला नाही. फवारणीचा पंप आणला, नवा कोरा. औषध मारलेला पंप माणसावर कधीही वापरू नये. पाण्याचे थेंब फोटोत दिसायचे तर उजेड मागून हवा. समोरून फ्लॅश मारला की थेंब एकतर हरवतात, नाहीतर चेहऱ्यावर पांढरे ठिपके होतात. म्हणून फ्लॅश मागच्या खडकाआड ठेवला. भिजलेली मुलगी अर्ध्या तासात कुडकुडायला लागते, त्यामुळे कुठली चौकट कधी घ्यायची हे आधीच कागदावर काढलं होतं. माझ्याकडे टॉवेल आणि चहाचा थर्मास ही दोनच खाती.

त्या कागदावरची शेवटची चौकट मला आधी निरर्थक वाटली होती: पाठमोरी लारा. पण या खेळात कॅमेरा बहुतेक वेळ तिच्या पाठीमागेच असतो. खेळणाऱ्याने तासन् तास पाहिलेली असते तिची पाठ, खांद्यावरचं धनुष्य, मानेवर चिकटलेले केस. भाचीच्या मित्रमंडळींनी सगळ्या फोटोंतून तोच उचलला. चेहरा त्यात दिसतच नाही.

कुऱ्हाड माझ्या शिलाई मशीनमागे पडून आहे. खेळाच्या पुढच्या तासातली लारा कोणी करणार असेल, तर खुशाल घेऊन जावी.