विहीर कुणाची?

नव्यानं कथा लिहिणारी मुलं-मुली अधूनमधून मला वहीतलं वाचून दाखवतात. कथेत पाऊस असतो, कातरवेळ असते, समुद्र तर हमखास असतो. मी विचारतो, 'या समुद्राच्या जागी डोंगर ठेवला तर कथेचं काय बिघडेल?' पुष्कळदा काहीच बिघडत नाही. म्हणजे तो समुद्र फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासारखा नुसता मागं टांगलेला असतो.

कथेतलं स्थळ काय करू शकतं, हे पाहायचं तर प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ' ही १९३२ सालची कथा काढावी. जेमतेम काही पानांची. जोखू आजारी आहे आणि घरातल्या पाण्याला कुजकट वास मारतो आहे. त्याची बायको गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते. ती 'खालच्या' जातीची, तिला तिथं मज्जाव. विहिरीवर दिव्याचा अंधुक उजेड पडला आहे. एरवी आपल्याला उजेडाचा धीर वाटतो आणि अंधाराची भीती. इथं सगळं उलटं! उजेड वैरी, आणि झाडाखालचा काळोख हाच आसरा. भरलेली घागर काठाशी येते न येते तोच ठाकुराचं दार उघडतं. हातातला दोर सुटतो, गंगी पळत सुटते. घरी येऊन पाहते तो जोखू तेच घाण पाणी पितो आहे.

आता हीच गंगी, हीच घागर स्वतःच्या परसातल्या आडावर नेऊन पाहा. बाई पाणी भरते, एवढंच उरेल. कथा त्या एका विहिरीच्या काठावरच घडू शकते.

बँकेत असताना विहिरीच्या कर्जाचे अर्ज मी ढिगानं पाहिले. गट नंबर, खोली, व्यास, पंप किती हॉर्सपॉवरचा, सगळ्याची नोंद असे. त्या विहिरीवर कोण येऊ शकतं आणि कोण नाही, याला मात्र रकाना नव्हता. कथाकाराचं काम त्या नसलेल्या रकान्यापासून सुरू होतं.

पाण्याच्या जागेचा हा अर्थ डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर देशाला दाखवला होता. पुढे १९६३ साली बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. त्याच नावाच्या कथेत विहिरीची जागा भाड्याच्या खोलीनं घेतली आहे. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी डोक्यावर छप्पर शोधतो. काळ बदलला, गाव बदललं. उंबऱ्यावरचा प्रश्न तोच.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझं सांगणं, समुद्र राहू द्या. तुमच्याच इमारतीत एखादी खोली भाड्यानं द्यायची असेल, तर घरमालक भाडं सांगण्याआधी काय विचारतो, ते नीट ऐका.