फिशटँकमधल्या माशाचा फोटो: आधी जागा, मग मासा

घरच्या टँकमधल्या माशांचे फोटो बिघडतात ते बहुधा आपण कॅमेरा घेऊन माशाच्या मागे लागतो म्हणून. हाती येते ती वळलेली शेपटी. त्यापेक्षा थोडा वेळ नुसते बघत बसावे. कोणता मासा कोणत्या पानापाशी वळतो, कुठे रेंगाळतो, हे लवकरच लक्षात येते. ती जागा निवडावी, तिथली चौकट पक्की करावी आणि माशाची वाट पाहावी.

काच आणि पाणी

इंदुरात बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या टँकवर पाण्याच्या रेषेलगत क्षारांचा पांढरा थर धरतो. रोजच्या सवयीने तो आपल्याला दिसेनासा होतो, कॅमेऱ्याला मात्र दिसतो. बाहेरचे डाग व्हिनेगरच्या फडक्याने पुसावेत. पाणी बोअरचे असो की नर्मदेचे, ते बदलल्यावर पानांवर बारीक बुडबुडे चिकटून राहतात, म्हणून सफाई आदल्या दिवशीच उरकावी. खोलीतले दिवे बंद करावेत आणि भिंग काचेसमोर अगदी सरळ धरावे. तिरपे धरले की माशाच्या कडा पुसट होतात, त्यांना रंगीत झालर येते.

चौकट माशाच्या अंगावरून

एंजल मासा उंच, म्हणून त्याला उभी चौकट. मिस केरळला आडवीच हवी. हा मासा सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या, केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांचा. २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. तोंडापासून शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ आणि पुढच्या अर्ध्या अंगावर तिच्या वरची लाल रेघ, हेच त्याचे रूप. तो थव्याने राहतो. तीन-चार मासे एकाच दिशेने निघाले की त्या रेघा समांतर होतात आणि चित्र आपोआप जुळते.

मासा ज्या दिशेने चालला आहे, तिकडे मोकळी जागा सोडावी. फोकस डोळ्यावर, पंख थोडे पुसट झाले तरी चालते. मागे काळा चार्टपेपर लावला की टँकमागची वायर, भिंत, पडदा सगळे नाहीसे होते.

मांडणी शिकायची तर जपानच्या ताकाशी अमानो यांची छायाचित्रे पाहावीत. ते टँक सजवत आणि त्याचे फोटोही स्वतः काढत. त्यांचा मुख्य दगड किंवा ओंडका सहसा मध्यापासून जरा बाजूला असतो. नजर तिथून निघून सगळ्या टँकभर फिरते.

मला सर्वांत आवडते ती चौकट पाण्याच्या पृष्ठभागालगतची. कॅमेरा खाली नेऊन किंचित वर पाहिले की पृष्ठभाग आरसा होतो आणि वरच्या थरात पोहणाऱ्या माशाचे उलटे प्रतिबिंब त्याच्या डोक्यावर दिसते. इथे आरशालाही चौकटीत पुरेशी जागा द्यावी.

उजेड आणि वेग

छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास इंदुरातच कॅमेरा हाती घेतला. त्या काळच्या ओल्या काचप्लेटवर पोहत्या माशाचा नुसता फराटा उमटला असता. आज सेकंदाच्या दोनशेव्या भागात मासा स्थिर होतो, पण त्यासाठी उजेड भरपूर लागतो. तो वरून द्यावा. समोरून मारलेला फ्लॅश काचेवरून परत भिंगातच येतो. फोटोत आडवे पट्टे उमटले तर दिवा लुकलुकतो आहे असे समजावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/१०० वर आणावे आणि मासा वळताना क्षणभर थबकतो तेव्हा बटण दाबावे.

नवा आणलेला मासा बिचकलेला आणि फिका असतो. तो नीट खाऊ लागला, रंगावर आला, की मगच त्याच्यासमोर कॅमेरा धरावा.