‘नाही’ म्हणण्याचे शिक्षण

मी कला शाखेचा विद्यार्थी. तेव्हा औषधांविषयी लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न जितका जंतूंचा तितकाच माणसाच्या स्वभावाचाही आहे, असे वाचन करताना मला वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. याचे कारण साधे आहे. लाखो जीवाणूंत एखादा मुळातच चिवट निघतो. औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. प्रतिजैविके जितकी अकारण वापरावीत, तितके या चिवट जीवाणूंचे फावते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील २०२२ सालच्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू या प्रतिरोधामुळे ओढवले.

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक नसते काय? असते. मग ते औषध चिठ्ठीवर का उतरते? विकसनशील देशांत दवाखान्याबाहेर रांग मोठी असते, प्रयोगशाळा दूर असते, रोगी मजुरी बुडवून आलेला असतो. त्याला औषधाविना परत पाठवावे, तर तो दुसरीकडे जाईल; आणि न जाणो, दुखणे बळावले तर? हे भय नुसत्या व्याख्यानांनी जात नाही.

थायलंडने ही गोष्ट ओळखली. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली ‘अँटिबायोटिक्स स्मार्ट यूज’ हा उपक्रम सुरू केला व सराबुरी प्रांतात त्याचा प्रयोग केला. लहान रुग्णालयांतील डॉक्टर, औषधनिर्माते आणि आरोग्य केंद्रांतील परिचारिका यांना केवळ तीन तक्रारींबाबत शिकविले : सर्दी-घसादुखी, जुलाब आणि साध्या जखमा. प्रतिजैविक केव्हा लागते, केव्हा नाही आणि ते रोग्याला कसे समजावावे, यावर भर होता. रोग्याला काहीतरी औषध मिळावे म्हणून वनौषधीही दिल्या. त्यांतील एक म्हणजे आपल्याकडचे ओले किराईत! पुढे २००९ पासून सरकारी आरोग्य विमा योजनेने अशा संयमी वापराला आर्थिक प्रोत्साहन दिले. पहिल्या प्रयोगात प्रतिजैविकांचा वापर १८ ते ४६ टक्क्यांनी घटला, आणि प्रतिजैविक घेतलेले व न घेतलेले मिळून ९७ टक्के रोगी बरे झाले किंवा त्यांना आराम पडला.

यातून मला एक बोध होतो. प्रशिक्षण म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे, तर योग्य वेळी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य देणे. आणि त्या धैर्यामागे व्यवस्था उभी करणे. भारताच्या २०१७ सालच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातही जनजागृती, शिक्षण व प्रशिक्षण यांना पहिला क्रमांक आहे. परंतु ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर टिकायचा, तर ते ‘नाही’ ऐकून घेणारा रोगीही हवा. मित्रहो, ते शिक्षण मात्र कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येईल. “डॉक्टर, प्रतिजैविक खरेच लागेल का?” एवढा प्रश्न विचारण्यापासून त्याचा आरंभ करू या.