खो-खोचें मैदान आणि जबाबदारी



"हल्लींच्या मुलांना जबाबदारी कळत नाहीं," ही तक्रार मास्तरकीच्या तीस वर्षांत मीं असंख्य वेळां ऐकली, स्वतः केलीही. या विषयावर वर्गांत निबंध लिहवून घेतां येतो, त्यास गुणही देतां येतात. परंतु जबाबदारी अंगीं बाणावयाची, तर ती आधीं अंगावर पडावी लागते. आणि त्यासाठीं शाळा सुटल्यानंतरचा मैदानावरील तास फार सोयीचा असतो.

आपला खो-खोच घ्या. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारत विजयी झाला, हें आपण ऐकलेंच असेल. मला मात्र त्याच्या नियमांचें मोल अधिक वाटतें. पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकीं आठ एका ओळींत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात, नववा धांवतो. धांवणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं वाटेंत मागें फिरतां येत नाहीं, आणि बसलेल्यांची ओळ ओलांडून पलीकडेही जातां येत नाहीं. प्रतिपक्षाचा गडी पलीकडे निसटला, तर त्या बाजूस तोंड करून बसलेल्या सोबत्यास पाठीमागून हात लावून 'खो' द्यावयाचा आणि आपण त्याच्या जागीं बसावयाचें. चपळांतल्या चपळालाही काम दुसऱ्याच्या हातीं द्यावेंच लागतें. बसलेल्याला तर एक क्षणही बेसावध राहतां येत नाहीं.

या खेळाला आम्हीं एक जोड दिली होती. वरच्या वर्गांतील प्रत्येक मुलाकडे खालच्या वर्गांतील चार मुलें सोंपवावयाचीं. त्यांना खेळ शिकवावा, तहान-दुखापत पाहावी आणि दिवेलागणीपूर्वीं त्यांना घरीं पोंचवावें.

एक आडदांड मुलगा मीं मुद्दाम निवडला. तिसऱ्याच आठवड्यांत त्याच्याकडील एका लहानग्याचा पाय मुरगळला, आणि हा आपल्या डावांत दंग! मीं रागावून त्याचें काम काढून घेतलें. महिन्यानें त्या लहानग्याच्या आईची गांठ पडली. तिच्याकडून कळलें कीं, हा मुलगा रोज सायंकाळीं दाराबाहेरूनच पायाची चौकशी करून जात असे. चूक त्याला उमगली होती. ती भरून काढण्याची जागाच मीं हिरावून घेतली होती. दुसऱ्या दिवशीं चारही मुलें पुन्हां त्याच्या हवालीं केलीं. वर्षअखेरपर्यंत त्यांतील एकही मुलगा एकटा घरीं गेला नाहीं.

आपल्या वाडींत, सोसायटींत हा उपक्रम कोणीं करून पाहिला, तर एकाकडे चारांहून अधिक मुलें देऊं नयेत. आम्हीं एकदां आठ दिलीं होतीं; त्या बिचाऱ्याला सर्वांचीं नांवेंही आठवेनात.