गर्भपिशवीची वेगळी घडण

एखाद्या सुनेचा गर्भ दोनतीन वेळा पडला, की घरात कुजबूज सुरू होते. कुणी तिच्या पायगुणाला नावे ठेवते, कुणी म्हणते, “हिनेच जड हंडा उचलला असेल.” गर्भ पडण्याची कारणे पुष्कळ आहेत, त्यांतले एक तर तिच्या स्वतःच्या जन्माआधीचे असते.

मुलगी आईच्या पोटात असताना तिची गर्भपिशवी दोन नळ्यांपासून घडते. या नळ्या एकमेकींना जुळतात, मग मधला पडदा विरतो आणि उलट्या पेरूच्या आकाराची एकच पिशवी तयार होते. नळ्या वरच्या अंगाला जुळल्या नाहीत, तर पिशवीला दोन शिंगे राहतात. एकच नळी वाढली, तर पिशवी अर्धीच होते. पडदा तसाच राहिला, तर आत दोन खण पडतात. गर्भ पडण्याचे भय यात अधिक. हा पडदा दुर्बिणीने काढताही येतो. ते तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवावे.

जागा अपुरी पडली, की मूल फिरत नाही, पायाळू जन्मू पाहते. कधी दिवस भरण्याआधीच कळा येतात. तरीही अशा कितीतरी बाया सुखरूप बाळंत होतात.

म्हणून दिवस राहताच नाव नोंदवावे, सोनोग्राफी करावी. घडण वेगळी निघाली, तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे. अंगावरून रक्त वा पाणी गेले, अवेळी कळा आल्या, तर तडक दवाखाना गाठावा.

गुरुजींनी आणि बाईंनी गावात एवढे जरूर सांगावे: ही घडण जन्मजात आहे. यात सुनेचा दोष नाही, आणि तिच्या आईचाही नाही.