एक आज्ञावली, अनेक यंत्रे

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगवसाहत आहे. कर्नाटक शासनाच्या किऑनिक्स या महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ साली कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या सुमारे ३३२ एकर भूमीवर तिचा पाया घातला गेला. येथील अभियंत्यांच्या मेजावर जे गणकयंत्र असते, त्याच्यासाठीच ते आज्ञावल्या लिहितात असे मात्र नाही. त्यांनी लिहिलेली आज्ञावली पुढे मोटारगाडीत, दूरध्वनीत, रुग्णालयातील उपकरणात किंवा दूरच्या एखाद्या महासंगणकात चालावयाची असते. त्या प्रत्येकाच्या पोटातील प्रक्रियकाची रचना निराळी. मग एकदाच लिहिलेली आज्ञावली या सर्वांवर बिनचूक कशी चालते? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर चुकले तर यंत्र बंद पडेलच असे नाही. ते सुरळीत चालेल आणि चुकीचे उत्तर देईल. हे अधिक धोक्याचे होय.

यंत्राची बोली

प्रत्येक जातीच्या प्रक्रियकाला स्वतःची अशी आज्ञांची बोली असते. एकाची बोली दुसऱ्यास कळत नाही. पूर्वी आज्ञावली थेट या बोलीत लिहिली जाई. परिणामी यंत्र कालबाह्य झाले की तिच्यावर खर्ची पडलेले श्रमही वाया जात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या सुमारास ‘सी’ ही भाषा घडविली, ती पीडीपी-११ या यंत्रावर रूढ झाली, आणि १९७३ साली युनिक्स ही कार्यप्रणालीच त्या भाषेत नव्याने लिहिली गेली. सी भाषेतील मजकूर माणसाने एकदा लिहावयाचा. त्याचे विवक्षित यंत्राच्या बोलीत रूपांतर करण्याचे काम कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली करते. यंत्र बदलले तर कंपायलर बदलावा, मूळ मजकूर तसाच राहावा, अशी ही योजना. अशा मजकुरास आपण ‘सुवाह्य’ म्हणू.

परंतु सी भाषेने काही गोष्टी मुद्दामच मोकळ्या ठेवल्या आहेत. पूर्णांक किती लांबीचा असावा, अक्षर साठविणारी एक बाइट धन-ऋण मानावी की केवळ धन, याचा निर्णय ती ज्या त्या यंत्रावर सोपविते. प्रत्येक यंत्राला जे सहज व जलद जमते तेच त्याने करावे, हा त्यामागील हेतू. या मोकळ्या जागा विवक्षित यंत्रासाठी भरून घेणे, यालाच आज्ञावलीची जुळणी म्हणतात.

अंकांचा क्रम

यंत्राच्या स्मृतीत एक बाइट म्हणजे ० ते २५५ पैकी एक संख्या. मोठी संख्या अनेक बाइटींत विभागून ठेवावी लागते. मग कोणता भाग आधी ठेवावयाचा, मोठ्या किमतीचा की लहान?

मराठी भाषकाला ही अडचण जन्मापासून ठाऊक आहे. आपण २५ लिहिताना दशकाचा अंक आधी लिहितो. पण बोलताना ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी व वीस नंतर. लेखन व उच्चार यांचे क्रम परस्परविरुद्ध असूनही आपला घोटाळा होत नाही, कारण आपण कोणता संकेत पाळीत आहोत हे आपल्याला माहीत असते. प्रक्रियकांतही असेच दोन पंथ आहेत. स्पार्क जातीचे प्रक्रियक मोठा भाग आधी ठेवतात. इंटेलचे लहान भाग आधी. पीडीपी-११ ची तऱ्हा तर ‘तेवीसशे पंचेचाळीस’ या उच्चारासारखी होती: मोठी जोडी आधी, पण प्रत्येक जोडीत लहान अंक आधी. २३४५ हे ३, २, ५, ४ असे कानावर पडते, तसेच. युनिक्स अन्य यंत्रावर नेताना त्याच्या नावातील चार इंग्रजी अक्षरे याच रीतीने जोडीजोडीने उलटून ‘नुक्सी’ असे उमटले, असा किस्सा या क्षेत्रात सांगतात.

हा केवळ गमतीचा विषय नव्हे. वायुभारमापकावर १००० हेक्टोपास्कल ही नोंद आहे असे समजा. चार बाइटींत ती ०, ०, ३, २३२ अशी मांडली जाते, कारण ३ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे १०००. स्पार्क यंत्राने ही नोंद जशीच्या तशी फाइलीत उतरविली आणि इंटेलच्या यंत्राने ती तशीच उचलली, तर दुसरे यंत्र तिचे वाचन उलट दिशेने करील व वायुभार ३,८९,२५,१०,७२० असल्याचे सांगेल. ही चूक निदान डोळ्यांत भरते. ज्या नोंदी उलट वाचूनही संभाव्य वाटतात, त्या मात्र कोणाच्या लक्षात न येता गणितात शिरतात.

लांबी आणि चिन्ह

दुसरी मोकळी जागा लांबीची. पीडीपी-११ वर साधा पूर्णांक १६ बिटांचा होता व त्यात ३२,७६७ पर्यंतच्याच धन संख्या मावत. आज तो सामान्यतः ३२ बिटांचा असतो. ‘दीर्घ’ म्हणविला जाणारा पूर्णांक ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचाच आहे. काळाची गणना १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांनी करण्याची युनिक्सची रीत आहे. हे सेकंद चिन्हासहित ३२ बिटांत साठविणाऱ्या यंत्रांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल, व पुढच्याच क्षणी त्यांचे घड्याळ १९०१ सालात जाईल.

तिसरी जागा चिन्हाची. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत ‘म’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७४ अशा तीन बाइटींनी दर्शविले जाते. लिनक्सवर चालणाऱ्या इंटेलच्या यंत्रावर अक्षराची बाइट धन-ऋण मानली जात असल्यामुळे याच बाइटी -३२, -९२ आणि -८२ अशा दिसतात. आर्म जातीच्या प्रक्रियकावर लिनक्समध्ये त्या धनच राहतात. इंग्रजी अक्षरांच्या बाइटी १२७ च्या आत असल्याने हा भेद इंग्रजी मजकुरात कधीच उघड होत नाही. म्हणून इंग्रजीत निर्दोष भासलेली आज्ञावली मराठी मजकुराशी गाठ पडताच अडखळते. आपल्या भाषांच्या दृष्टीने सुवाह्यता ही चैन नाही, ती किती निकडीची आहे हे यावरून ध्यानात येईल.

पुण्याचा अनुभव

१९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा असलेला अतिवेगवान महासंगणक देण्याचे नाकारले. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रक्रियक होते. पुढे या जातीच्या प्रक्रियकाचा विकास खुंटला. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये व १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये स्पार्क घराण्याचे प्रक्रियक आले; २००३ साली बंगळुरात उभारलेल्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर-४ आले; २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे झिऑन आले.

या मालिकेकडे बारकाईने पाहावे. ट्रान्सप्युटर लहान भाग आधी ठेवणारा. स्पार्क व पॉवर-४ मोठा भाग आधी ठेवणारे. झिऑन पुन्हा लहान भाग आधी ठेवणारा. मध्यंतरी ३२ बिटांचे यंत्र जाऊन ६४ बिटांचे आले. अवघ्या सतरा वर्षांत प्रक्रियकाची जात इतक्या वेळा बदलली. उलट हवामानाचे प्रतिमान किंवा तेलसाठ्यांचा शोध घेणारी आज्ञावली एवढ्या अवधीत टाकून देता येत नाही. तिच्यात अनेकांचे ज्ञान साठलेले असते. यंत्र दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर त्यावर चालणारी विद्या तरी एका यंत्राला बांधलेली नसावी, हा या इतिहासाचा धडा होय.

यंत्राला प्रश्न विचारावे

जुळणीची जुनी पद्धत अशी की मजकुरात यंत्रांची यादी द्यावी: यंत्र स्पार्क असेल तर हे करावे, इंटेल असेल तर ते करावे. परंतु यादीत नसलेले यंत्र समोर आले की ही पद्धत निरुपयोगी ठरते. नवी पद्धत यंत्राला नाव विचारीत नाही, गुण विचारते. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेले ऑटोकॉन्फ हे साधन याच तत्त्वावर आधारलेले आहे. त्याने तयार केलेली जुळणी-आज्ञावली प्रथम लहान लहान चाचण्या घेते. अमुक सुविधा आहे काय? पूर्णांक किती बाइटींचा? मोठा भाग आधी की नंतर? मिळालेली उत्तरे ती एका शीर्ष-फाइलीत लिहून ठेवते व उर्वरित मजकूर केवळ त्या फाइलीचा आधार घेतो.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील अभियंत्यापुढे मात्र आणखी एक पेच असतो. त्याच्या मेजावरचे यंत्र इंटेलचे, आणि आज्ञावली चालावयाची ती आर्मच्या उपकरणात. येथे घडवून तेथे चालविण्याच्या या रीतीत चाचणी-आज्ञावली चालवून पाहता येत नाही, कारण तिची बोली मेजावरच्या यंत्राला कळत नाही. यावर एक चतुर तोड आहे. ‘पूर्णांक चार बाइटींचा आहे’ हा अंदाज खरा असेल तर जिची लांबी १ होईल, आणि खोटा असेल तर -१ होईल, अशी एक यादी मजकुरात जाहीर करावयाची. ऋण लांबीची यादी असू शकत नाही. म्हणून अंदाज खोटा असल्यास कंपायलर मजकूर नाकारतो. आज्ञावली एकदाही न चालविता, केवळ होकार-नकारावरून, परक्या यंत्राची मापे अशी घेता येतात.

तथापि सर्वांत उत्तम जुळणी म्हणजे जिची गरजच पडत नाही ती. १९९९ च्या सी प्रमाणकात ‘नेमके ३२ बिट’ असे लांबीसह नाव असलेले पूर्णांक आले. फाइलीत जाणाऱ्या नोंदींसाठी तेच वापरावे. फाइलीत संख्या लिहिताना २५६ ने क्रमशः भागून एकेक बाइट ठरलेल्या क्रमाने लिहावी. मग यंत्राचा स्वतःचा क्रम कोणताही असो, फाइल एकच राहते. अक्षरांच्या बाइटींची तुलना करण्यापूर्वी त्या चिन्हविरहित करून घ्याव्यात.

आजची कसोटी

भारतात आता प्रक्रियकही रचले जात आहेत. मुंबईच्या आयआयटीत रचलेला व २०१९ साली प्रकाशात आलेला ‘अजित’ स्पार्क घराण्याचा आहे: मोठा भाग आधी. मद्रासच्या आयआयटीचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचे ‘वेगा’ हे प्रक्रियक रिस्क-फाइव्ह घराण्याचे आहेत: लहान भाग आधी. अक्षराच्या चिन्हाबाबतही या दोन घराण्यांचे रूढ संकेत निराळे आहेत. स्वदेशी प्रक्रियक हाती आला, पण त्यावर चालविण्यास योग्य आज्ञावल्या नसल्या, तर तो प्रयोगशाळेतच राहील. सुवाह्य मजकुराचा साठा मात्र थोड्या जुळणीने त्याच्याही उपयोगी पडतो.

विद्यार्थ्यांनी शाळेतील संगणकावर एक प्रयोग अवश्य करावा. सी भाषेत एका पूर्णांकात १ ही संख्या ठेवावी व त्याची स्मृतीतील पहिली बाइट वाचावी. ती १ असेल, तर यंत्र लहान भाग आधी ठेवणारे. ती ० असेल, तर मोठा भाग आधी ठेवणारे. नंतर ‘म’ या अक्षराच्या तीन बाइटी चिन्हासह व चिन्हाविना छापून पाहाव्यात. ज्या गोष्टी आपण यंत्राविषयी गृहीत धरतो, त्यांपैकी किती त्या एकाच यंत्रापुरत्या खऱ्या असतात, हे या दोन छोट्या प्रयोगांवरून स्पष्ट होईल.