बाळाचं पहिलं ताट (भाग ९) : डबा सुटतो तेव्हा

पोलादपूर तालुक्यातली बरीच बाळं दोन घरांत वाढतात. आई-वडील मुंबईला, पुण्याला नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आणि आजी-आजोबा गावी. कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपते, दिवसा आई घरात नसते आणि पावडरीच्या दुधाचा डबा येतो. गणपतीला किंवा शिमग्याला बाळ गावी येतं ते या डब्यासकट. पहिला वाढदिवस झाला की ओटीवर चर्चा रंगते. आता डबा बंद करायचा का? गाईचं दूध चालू करायचं तर त्यात पाणी किती घालायचं? आणि गोठ्यात गाय नसेल तर म्हशीचं चालेल का?

मागच्या भागात सहा महिन्यांनंतरचं वरचं अन्न, म्हणजे पेज, मऊ भात आणि वरणाची सुरुवात आपण पाहिली. या भागात पाहायचं आहे वरचं दूध.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. वर्ष पूर्ण झालेल्या निरोगी बाळाचा डबा बंद करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांनुसार ज्यांना आईचं दूध मिळत नाही, अशा १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना प्राण्याचं दूध द्यावं. या वयासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास पावडरींची शिफारस संघटना करत नाही. मुलाला दिवसाला अर्धा लिटर पावडरीचं दूध द्यायचं ठरवलं, तर ४०० ग्रॅमचा डबा पाच-सहा दिवसांत संपतो. त्या पैशांत घरात दूध, अंडी आणि डाळ येऊ शकते. आईचं दूध अजून येत असेल, तर ते मात्र थांबवायचं कारण नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही पाजता येतं.

मग वर्षाआधी गाईचं दूध का नको म्हणतात?

आईच्या १०० मिलीलिटर दुधात साधारण एक ग्रॅम प्रथिनं असतात. गाईच्या तेवढ्याच दुधात ती तीन ग्रॅमच्या वर जातात आणि क्षारही जास्त असतात. हा भार तान्ह्या बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना पेलत नाही, उन्हाळ्यात आणि जुलाबांत तर मुळीच नाही. काही बाळांच्या आतड्यांतून गाईच्या दुधामुळे डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं थोडं रक्त जात राहतं. वर्षाच्या सुमाराला मूत्रपिंडं आणि आतडी बरीच तयार झालेली असतात. एक अडचण मात्र वर्षानंतरही उरते. ती आहे लोहाची.

इथे थोडा हिशेब करायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अर्धा लिटर गाईच्या दुधात सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे दिवसाची गरज दुधातच भागते. त्याच अर्ध्या लिटरमध्ये लोह असतं जेमतेम पाव मिलिग्रॅम. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही रक्तात नीट शोषू देत नाहीत. डब्यातल्या पावडरीत कारखान्यातच लोह मिसळलेलं असतं. डबा बंद झाला की तो पुरवठा आटतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बाळ तेवढंच पांढरंशुभ्र दूध तेवढ्याच आवडीने पीत असतं.

ही भीती कागदावरची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. यामागे कारणं अनेक आहेत. पण दिवसाला लिटरभर दूध पिणारं, जेवायला तोंड फिरवणारं, गुबगुबीत पण फिकं दिसणारं मूल बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचं असतं. आई सांगते, ‘काही खातच नाही, म्हणून दूध देते.’ डॉक्टर सांगतात ते नेमकं उलट : पोट दुधाने भरलेलं आहे, म्हणून ते खात नाही.

म्हणूनच वर्षानंतर दुधाची जागा बदलते. तोवर दूध हेच जेवण होतं, आता ते जेवणाच्या जोडीला येतं. दिवसाला ४०० ते ५०० मिलीलिटर पुरे आणि दही, ताक, खिरीतलं दूध हे सगळं त्यातच धरायचं. घरातला स्टीलचा पेला एकदा मापून ठेवावा. तो २०० मिलीलिटरचा निघाला, तर दोन पेले दूध आणि वाटीभर दही झालं की दिवसाचा कोटा संपला.

आता प्रश्न येतो, कोणतं दूध. पोलादपूरसारख्या तालुक्यात ते तीन रूपांत समोर येतं. पहिलं रूप पिशवीचं. या पिशवीवरचे शब्द नीट वाचायला हवेत. ‘टोन्ड’ दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, ‘डबल टोन्ड’मध्ये दीड टक्का आणि ‘फुल क्रीम’मध्ये ६ टक्के. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो, त्याला स्निग्धांश लागतो. त्यामुळे ‘डबल टोन्ड’ या वयाला योग्य नाही. गाईचं म्हणून मिळणारं साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं दूध उत्तम. चहासाठी मिळणारी ‘डेअरी व्हाइटनर’ची पावडर म्हणजे दूध नव्हे. तिच्यात बहुधा साखर घातलेली असते.

दुसरं रूप म्हशीचं. सह्याद्रीच्या या पट्ट्यात, महाबळेश्वरच्या उतारापासून खाली कोकणापर्यंत, गवळी धनगरांनी पिढ्यान् पिढ्या डोंगरावर म्हशी राखल्या आणि दूध, लोणी, तूप खालच्या गावांना पुरवलं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के आणि प्रथिनंही गाईच्या दुधापेक्षा जास्त. त्याची पोटात होणारी गुठळी घट्ट असते. याच कारणाने एके काळी जगभरातले जाणकार सांगत होते की म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न बनणार नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात ते बनवून दाखवलं. त्यांनी स्निग्धांश कमी केला, गुठळी मऊ होईल अशी प्रक्रिया शोधली आणि जीवनसत्त्वं घातली. पुढे आणंदच्या अमूलने त्या पद्धतीने डबे बाजारात आणले आणि परदेशी डब्यांवरचं अवलंबन कमी झालं. तान्ह्या बाळासाठी एवढा खटाटोप लागला, पण वर्षापुढच्या मुलाला तो लागत नाही. दूध उकळून, गार करून वरची जाड साय काढली की म्हशीचं दूधही चालतं. फक्त ते जड असल्याने थोडक्यात पोट भरतं, म्हणून पेला जरा लहान असावा.

तिसरं रूप गोठ्यातल्या गाईचं. कोकणातल्या लहान चणीच्या, काटक गाईंना ‘कोकण कपिला’ अशी अधिकृत जात म्हणून नोंद मिळाली आहे. डोंगर-उतारावर चरणारी आणि मुसळधार पावसात टिकणारी ही गाय दूध मात्र दिवसाला एक-दोन लिटरच देते. घरात एकच बाळ असेल, तर तेवढं पुरतं. पण धारोष्ण दूध बाळाला देऊ नये. ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय कच्च्या दुधातून माणसात येतात. गाय घरची असो की शेजारची, दूध चांगलं उकळी येईपर्यंत तापवायलाच हवं.

आणि पाणी? घालू नये. दुधात पाणी घालून ‘हलकं’ करायची रीत घराघरांत आहे आणि ती आजीच्या काळजीतूनच आली आहे. पूर्वी दोन-तीन महिन्यांच्या बाळाला गाईचं दूध द्यायची वेळ यायची, तेव्हा पाणी घालून त्याचा भार कमी केला जायचा. वर्षाच्या मुलाला ती गरज नाही. अर्धं पाणी घातलं की अर्धी ऊर्जा जाते, पोट मात्र तेवढंच भरतं. साखरही नको, कारण गोडाची सवय लागली की साधं दूध नकोसं होतं.

बदल एका दिवसात केला तरी बहुतेक मुलांना त्रास होत नाही. पण चव वेगळी लागते आणि काही मुलं तोंड फिरवतात. त्यांच्यासाठी आठ-दहा दिवसांचा बेत करता येतो. नेहमीच्या पद्धतीने पाण्यात कालवलेल्या पावडरीच्या दुधात आधी पाव हिस्सा उकळून कोमट केलेलं गाईचं दूध मिसळावं. दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, मग सगळं. पावडर थेट गाईच्या दुधात मात्र कधीच टाकू नये. ते मिश्रण फार दाट होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. या दिवसांत शी थोडी घट्ट होते, रंगही बदलतो. पाणी, फळं आणि भाजी वाढवली की ती बहुधा ताळ्यावर येते.

अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, वारंवार उलट्या, शीमध्ये रक्त, श्वासाला घरघर यांपैकी काही दिसलं, तर दूध थांबवून डॉक्टरांकडे जायला हवं. सुजेबरोबर श्वासाला त्रास असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलाला म्हशीचं किंवा शेळीचं दूध देणं हा उपाय नाही, कारण ती प्रथिनं एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. ज्यांचा डबा डॉक्टरांनीच एखाद्या कारणासाठी सांगितला आहे किंवा जे बाळ फार अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, त्यांनी विचारल्याशिवाय बदल करू नये.

डब्याबरोबर बाटलीही सोडायची हीच वेळ. तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलाच्या पुढच्या दातांवर रात्रभर दूध साचतं आणि दात किडतात. पूर्वी घरात बोंडलं असायचं, वाटी-चमचा असायचा. आता छोटा उघडा पेला पुरतो. सुरुवातीला निम्मं दूध अंगावर सांडेल, ते सांडू द्यावं.

ताटातलं लोह कुठून आणायचं, याची उत्तरं तालुक्याच्या शेतात आणि बाजारात आहेत. कुळथाचं पिठलं मऊ भातावर घालून, मसूर-मुगाचं वरण, चवळीची भाजी, अंड्याचा बलक आणि घरात चालत असेल तर नीट काटे काढलेला मासा किंवा मऊ शिजवलेलं मटण. नाचणीही द्यावी, पण तिची खरी श्रीमंती कॅल्शियममध्ये आहे, एकट्या नाचणीवर लोहाची भिस्त ठेवू नये. वरणावर लिंबू पिळलं की डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. दूध जेवणाबरोबर न देता मधल्या वेळी द्यावं. आणि सकाळची चहा-बटर, चहा-बिस्किटं बाळापासून दूर ठेवावीत. चहातलं टॅनिन लोहाला अडवतं आणि कपातला घोट बाळाला देण्याची हौस कोकणात फार.

पावसाळ्याचा विचारही इथे करावाच लागतो. २२ जुलै २०२१ च्या सुमाराला सावित्रीच्या पुरात महाड बुडालं, तळियेवर आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी कोसळल्या, आंबेनळी घाट बंद झाला. वीज नाही, नळाला पाणी नाही आणि रस्ते तुटलेले. अशा वेळी बाळाला पावडर कालवून देणं सर्वांत जोखमीचं ठरतं. ती कालवायला उकळून सत्तर अंशांच्या खाली न गेलेलं पाणी लागतं आणि बाटली निर्जंतुक करावी लागते. वर्ष पार केलेल्या मुलाला दुसरा मार्ग असतो. अतिउच्च तापमानाला तापवून बंद खोक्यात भरलेलं दूध फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकतं. खोकं फोडल्यावर मात्र ते साध्या दुधासारखंच नासतं. म्हणून जूनपासून घरात छोट्या आकाराची चार-सहा खोकी असावीत.

आशाताईंच्या घरभेटी तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना ठरलेल्या असतात. बाराव्या महिन्याची भेट नेमकी या बदलाच्या वेळी येते. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिडचं औषध आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक मिलीलिटर, मोफत मिळतं. एका मिलीलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असतं. या औषधाने शी काळपट होते, त्याला घाबरून अनेक घरं ते मध्येच सोडतात. ती बाटली आपल्या बाळासाठी मागून घ्यावी, डबा बंद केल्याचं आशाताईंना सांगावं आणि दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्यावं. वजनाची रेघ दोन महिने आडवी राहिली किंवा मूल माती खाऊ लागलं, तर पोलादपूरच्या किंवा महाडच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

पुढच्या भागात : अंडं आणि मासे बाळाच्या ताटात कधी यावेत, कसे शिजवावेत आणि पहिल्यांदा देताना कशाकडे लक्ष ठेवावं.